प्रेतोत्खनन (कायदा)

पुरलेले मानवी प्रेत कायदेशीर आदेशाने जमिनीतून बाहेर काढून तपासणे. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. मुख्य आधार भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १९६(४) चा. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यापूर्वी हीच तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७६(३) म्हणून होती. मृत्यूचे कारण शोधण्यासाठी इष्ट वाटल्यास चौकशी करणारा दंडाधिकारी दफन झालेले प्रेत उकरून तपासवू शकतो. हा अधिकार पोलिसांना दिलेला नाही.

या अधिकाराचे मूळ इंग्लंडमधील कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) प्रथेत शोधले जाते. प्रेत प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तेथे कॉरोनरची चौकशी वैध ठरत नसे. आधीच दफन झाले असेल, तर ते उकरावे लागे. मुंबई व कलकत्त्याच्या कॉरोनरांना १८७१ च्या अधिनियमाने असा अधिकार होता, मात्र मृत्यूनंतरच्या वाजवी मुदतीपुरताच. मुंबईतील हे पद १९९९ मध्ये रद्द झाले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १७६(२) मध्ये मुदतीची अट दिसत नाही. त्यामुळे संहितेची तरतूद कॉरोनरच्या प्रथेची थेट नक्कल मानण्यापेक्षा तिला समांतर मांडणी मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मुदतीचे बंधन आजही नाही. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत फ्रान्ससाठी १० व जर्मनीसाठी ३० वर्षांची मर्यादा दिलेली आढळते; ती उकरण्याची की खटल्याची, हे सहसा स्पष्ट केलेले नसते, म्हणून हे आकडे सावधपणे घ्यावेत.

काम शक्यतो पहाटे, दंडाधिकारी, पोलीस व वैद्यकीय अधिकारी यांच्या समक्ष होते. महाराष्ट्रात दंडाधिकारी म्हणून बहुधा तहसीलदार असतात. थडग्याची ओळख पटवून पंचनामा केला जातो. विषबाधेचा, विशेषतः सोमलाचा (आर्सेनिकचा), संशय असल्यास प्रेताच्या वरची, खालची व बाजूंची माती घेतात. तुलनेसाठी दूरच्या जागेतील मातीही घेणे अत्यावश्यक असते, कारण मातीतच सोमल असू शकतो. प्रेतावर जंतुनाशक शिंपडत नाहीत. मऊ भाग कुजून गेले, तरी केस, नखे व हाडे पुरावा देऊ शकतात.

चौकशीच्या वेळी, शक्य असेल तेथे, नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यावे लागते. केवळ त्यांच्या इच्छेखातर प्रेत उकरून सोपविण्याची सोय मात्र संहितेत नाही. जम्मू-काश्मीरमधील हैदरपोरा येथे २०२१ मध्ये झालेल्या चकमकीत मारल्या गेलेल्या एका तरुणाच्या वडिलांनी मुलाच्या पार्थिवाची मागणी केली होती. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. सन्मानाने अंत्यसंस्कार होण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये (जीविताच्या हक्कात) येतो. पण एकदा दफन झालेले प्रेत कायद्याच्या ताब्यात असते, असे न्यायालयाने म्हटले आणि केंद्राला या विषयावर कायद्याचा विचार करण्यास सुचविले. ही सूचना नातेवाइकांच्या दृष्टीने निकालाइतकीच महत्त्वाची आहे.

भावना दुखावण्याच्या हेतूने दफनस्थानी अतिक्रमण करणे वा प्रेताची विटंबना करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. मुंबई व गोव्यातील ख्रिस्ती दफनभूमींत जागेअभावी काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतील कोनाड्यात ठेवतात. मृत्यूच्या कारणाशी संबंध नसल्याने ही प्रथा कलम १९६ च्या कक्षेबाहेर राहते.