ल्युपस आहे, म्हणून मूल नको?

ल्युपस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. ‘ल्युपस असलेल्या मुलीने मूल होऊ देऊ नये’ हा सल्ला अजूनही नातेवाइकांकडून, क्वचित डॉक्टरांकडूनही मिळतो. तो केव्हाच जुना झाला. आजार किमान ६ महिने शांत असेल, मूत्रपिंडं ठीक असतील, तर बहुतेकींची बाळंतपणं सुखरूप होतात.

खरा घोळ होतो गोळ्यांचा. दिवस राहिले की घाबरून सगळीच औषधं बंद केली जातात (घरच्यांचा आग्रह असतोच!). हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचं नेहमीचं औषध थांबवलं तर आजार उसळण्याचा धोका वाढतो. ते गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही चालू ठेवतात. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध मात्र गर्भाला घातक, ते डॉक्टरांकडून दिवस राहण्याच्या किमान ६ आठवडे आधीच बदलून घ्यावं लागतं. रक्तात अँटी-रो अँटिबॉडी (बाळाच्या हृदयाला इजा करू शकणारी प्रथिनं) असतील, तर बाळ पोटात असतानाच त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. म्हणजे ल्युपसवर उपचार करणाऱ्या संधिवाततज्ज्ञांना भेटायचं ते दिवस राहण्याआधी.