सोम आणि सोम: किर्गिझस्तानचा कोणता, उझबेकिस्तानचा कोणता?

महाराष्ट्रातली बरीच मुलं एमबीबीएससाठी किर्गिझस्तानातल्या बिश्केक, ओश आणि उझबेकिस्तानातल्या ताश्कंद, समरकंद अशा शहरांत जातात. घरी आई-वडील खर्चाचा हिशेब मांडायला बसतात आणि पहिला घोळ तिथेच होतो, कारण दोन्ही देशांच्या चलनाचं नाव एकच: सोम. ‘खोली आणि जेवण मिळून महिन्याला २० हजार सोम लागतात’ असं कुणी सांगितलं, तर किर्गिझस्तानात ते साधारण २० हजार रुपये झाले. उझबेकिस्तानात तेवढ्याच सोमचे दीडशेच्या आसपास रुपये होतात. त्यात महिना सोडाच, एक दिवसही धड निघणार नाही.

हिशेब सोपा आहे. अलीकडच्या काही वर्षांत एका डॉलरला ८५ ते ९० किर्गिझ सोम मिळत आले आहेत. आपला रुपयाही त्याच घरात आहे, म्हणून किर्गिझ सोम आणि रुपया जवळपास बरोबरीचे धरले तरी चालतात. उझबेक सोम मात्र एका डॉलरला १२ हजारांच्या घरात. म्हणजे एका रुपयाला शंभराहून बरेच जास्त.

नाव एकच का, तर सोव्हिएत काळात किर्गिझ आणि उझबेक लोक रुबललाच आपापल्या भाषेत सोम म्हणत. रुबलच्या नोटांवर १५ प्रजासत्ताकांच्या भाषांत किंमत छापलेली असे, त्यातही हा शब्द होता. स्वतःचं चलन काढायची वेळ आली तेव्हा दोघांनीही तोंडात बसलेलं नाव ठेवलं. नावापुरतं साम्य तिथेच संपतं.

किर्गिझस्तानने घाई केली, आणि माझ्या मते ती योग्यच होती. सोव्हिएत संघ मोडला तरी मध्य आशियात रुबल चालूच होता, पण तो छापणार मॉस्को आणि महागाई सोसणार बिश्केक, अशी गत होती. अध्यक्ष अस्कार अकाएव यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पाठबळाने १० मे १९९३ ला २०० रुबलला एक या दराने सोम आणला. मध्य आशियातल्या पाच देशांत हे पाऊल पहिलं. शेजाऱ्यांना, विशेषतः ताश्कंदला, ते अजिबात रुचलं नाही. किर्गिझस्तानात नको झालेले रुबल आपल्या बाजारात येऊन ओतले जातील आणि भाव भडकतील, ही त्यांची भीती होती.

पुढे सोम घसरला. सुरुवातीला डॉलरला चारेक सोम होते. १९९८ च्या रशियन संकटाचा तडाखा बसला आणि २००० पर्यंत दर पन्नाशीच्या जवळ गेला. पण हे सगळं उघड्यावर घडलं. चौकातल्या चलन बदलून देणाऱ्या टपरीवर जो दर लिहिलेला, तोच दर. या देशातली लाखो माणसं रशियात मजुरी करून घरी पैसे पाठवतात, त्यामुळे रुबल पडला की सोमही हेलकावे खातो. कुमतोरच्या खाणीतलं सोनं त्याला थोडा आधार देतं.

उझबेकिस्तानची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. जुलै १९९३ मध्ये रशियाने जुन्या रुबलच्या नोटा बाद केल्या आणि ताश्कंदचा नाइलाज झाला. १५ नोव्हेंबर १९९३ ला, म्हणजे कझाकस्तानचं तेंगे आलं त्याच दिवशी, इथे सोम-कूपन आलं. ते तात्पुरतंच होतं. १ जुलै १९९४ ला हजार कूपनांना एक सोम या दराने खरं चलन सुरू झालं. तेव्हा डॉलरला सातच सोम होते.

सातावरून १२ हजारांवर गाडी कशी गेली? अध्यक्ष इस्लाम करिमोव यांच्या सरकारला दर आपल्या मुठीत हवा होता. सरकारी दर एक आणि बाजारातला दुसरा, असं वर्षानुवर्षं चाललं. निर्यातदाराला कमावलेल्या डॉलरचा ठरावीक भाग सरकारी दराने द्यावा लागे, म्हणजे सरळसरळ तोटा. ज्याला सरकारी दराने डॉलर मिळण्याची वट होती त्याची चांदी. सामान्य माणूस ताश्कंदच्या चोरसू बाजाराच्या आसपास उभ्या असलेल्या दलालाकडे जाई. २००१ ते २०१३ सर्वांत मोठी नोट होती १,००० सोमची. २०१३ मध्ये ५,००० ची आली, तरी पैसा हजारांच्या गड्ड्यांतच फिरत राहिला. २०१६ च्या सुमाराला काळ्या बाजारात १०० डॉलर दिले की सहाशेहून जास्त नोटा हातात पडत. रबर लावलेल्या गड्ड्या, काळी प्लॅस्टिकची पिशवी, आणि गड्डी उभी धरून अंगठ्याने भराभर मोजणारे दुकानदार, हे तिथलं रोजचं चित्र. हॉटेलचं बिल भागवायला पिशवी उघडावी लागे. यात वाया गेलेला लोकांचा वेळ आणि उडालेला विश्वास कोणत्याही आकडेवारीत येत नाही, म्हणूनच मला ते नुकसान जास्त मोठं वाटतं.

करिमोव २०१६ मध्ये वारले. त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या शावकत मिर्झियोयेव यांनी ५ सप्टेंबर २०१७ पासून दर मोकळा केला. एका रात्रीत सरकारी दर सुमारे ४,२०० वरून ८,१०० वर गेला. लोक आधीपासूनच त्या भावाने व्यवहार करत होते, त्यामुळे काळा बाजार जवळपास आपोआप विझला. मोठ्या नोटाही आल्या: २०१७ मध्ये १० हजार आणि ५० हजार, २०१९ मध्ये एक लाख, २०२२ मध्ये दोन लाख. दोन लाखांची ती नोट म्हणजे आपले साधारण दीड हजार रुपये.

नोट हातात घेतली की फरक लगेच कळतो. किर्गिझ नोटांवर माणसं आहेत. ५० वर अलाय प्रदेशाची राणी कुर्मंजान दातका, १०० वर कवी व गायक तोक्तोगुल, ५०० वर सायाकबाय करालाएव. हा माणूस ‘मनास’ महाकाव्याच्या लाखो ओळी मुखोद्गत म्हणायचा, आणि त्याचा चेहरा पैशावर छापणारा देश मला फार आवडतो. उझबेक नोटांवर बहुतेक वास्तू: मदरसे, घुमट, संग्रहालयं. जुन्या २०० च्या नोटेवर समरकंदच्या शेर-दोर मदरशाच्या कमानीवरचा वाघ होता, पाठीवर उगवता सूर्य घेतलेला. किर्गिझ नोटांची लिपी सिरिलिक. उझबेकिस्तानच्या नव्या नोटांवर लॅटिन. किर्गिझस्तानात तीन सोमचं नाणंही मिळतं.

बोलताना एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. रशियन बोलणारे लोक किर्गिझ चलनाला सोम आणि उझबेक चलनाला सुम म्हणतात. बँकेच्या कागदावर किर्गिझ सोमसाठी केजीएस आणि उझबेक सोमसाठी यूझेडएस ही अक्षरं असतात; पैसे पाठवताना तीच पाहावीत. ओश शहर उझबेक सीमेला अगदी लागून आहे. तिथून दोस्तुक नाक्याने अंदिजानकडे जाताना उरलेले किर्गिझ सोम सीमेआधीच बदलून घ्यावेत, कारण पलीकडे त्या नोटा नेहमीच्या व्यवहारात चालत नाहीत. भारतातून निघताना यातलं कोणतंही चलन शोधत बसू नये. डॉलर न्यावेत, तेही कोरे करकरीत. घडीवर फाटलेली किंवा पेनाची खूण असलेली नोट तिथल्या खिडकीवर बऱ्याचदा परत येते.