इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद : सुरक्षित वापर

रुग्णाच्या तक्रारी, तपासणीत आढळलेल्या गोष्टी, निदान, औषधे, प्रयोगशाळेचे अहवाल, लसीकरण इत्यादींची संगणकावर ठेवलेली, भेटीगणिक वाढत जाणारी आणि एका दवाखान्यातून दुसरीकडे पाठवता येण्याजोगी नोंद. एकाच दवाखान्यापुरत्या नोंदीस ‘इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंद’ म्हणतात; व्यवहारात हा भेद फारसा पाळला जात नाही. आपल्याकडे दोन्हींना सरसकट ‘सॉफ्टवेअर’ किंवा ‘सिस्टिम’ म्हणतात. केस पेपरचे छायाचित्र संगणकात साठवणे म्हणजे मात्र अशी नोंद नव्हे, कारण त्यातले औषध कोणते आणि आजार कोणता हे यंत्राला आपोआप कळत नाही आणि धोक्याची सूचना त्याच्या आधारे देता येत नाही.

उगम : या नोंदीचा प्रारंभ कोठून धरावा याबाबत एकमत नाही. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ संस्थेत क्लेमेंट मॅकडोनल्ड यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या प्रणालीस पहिलेपणाचा मान अनेकदा दिला जातो. तथापि सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस रुग्णालयात होमर वॉर्नर यांच्या ‘हेल्प’ प्रणालीचे काम १९६७ च्या सुमारास चालू झाले होते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ऑक्टो बार्नेट यांच्या गटाने साधारण त्याच काळात ‘मम्प्स’ ही संगणकभाषा घडवली (नाव गालगुंडाचे असले तरी ते आद्याक्षरांतून जुळून आलेले आहे). तिच्यावर आधारलेल्या प्रणाली अजूनही अनेक रुग्णालयांत चालू आहेत.

या वादात ‘पहिली’ कशाला म्हणायचे हेच ठरलेले नसते. संगणक बाजूला ठेवून नोंदीच्या मांडणीकडे पाहिले तर लॉरेन्स वीड या अमेरिकी डॉक्टरांचे १९६८ मधील विवेचन अधिक मूलगामी वाटते. त्या काळच्या रुग्णालयीन कागदांत डॉक्टरांची टिपणे एका जागी, परिचारिकांची दुसऱ्या जागी आणि अहवाल तिसऱ्या जागी अशी रचना असे. वीड यांनी नोंद रुग्णाच्या समस्यांभोवती रचली. प्रथम क्रमांकित समस्यासूची, मग प्रत्येक समस्येखाली चार भाग : रुग्णाचे म्हणणे, तपासणीत आढळलेले, अनुमान आणि पुढील योजना. व्हर्माँट विद्यापीठात त्यांनी ही मांडणी संगणकावरही उतरवली. आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरांचा पडदा याच चौकटीतून आलेला आहे. त्याही मागे, १९०७ मध्ये हेन्री प्लमर यांनी मेयो क्लिनिकमध्ये ‘एक रुग्ण, एक क्रमांक, एक फाइल’ ही पद्धत आणली होती. तोवर तेथील प्रत्येक डॉक्टरची वही वेगळी असे.

लाभाचे पुरावे : मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकाने आठवण करून दिली तेव्हा डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी योग्य कृती केली, आठवण नसताना हे प्रमाण २२ टक्के होते. चूक ज्ञानाच्या अभावापेक्षा माहितीच्या ओझ्यामुळे होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९९८ मध्ये डेव्हिड बेट्स व सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या एका रुग्णालयात औषधांचे आदेश संगणकावरून दिल्यानंतर, वेळीच न रोखल्या गेलेल्या गंभीर औषधचुका ५५ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने ही प्रणाली वापरणाऱ्या डॉक्टरांना अनुदान मिळू लागले आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला.

धोके : २००५ मध्ये दोन अभ्यासांनी या उत्साहाला खीळ घातली. रॉस कॉपेल व सहकाऱ्यांना एका विद्यापीठ रुग्णालयात औषध-आदेश प्रणालीमुळेच संभवणाऱ्या चुकांचे २२ प्रकार आढळले. एका रुग्णाची सगळी औषधे पाहायला कधीकधी २० पडदे उघडावे लागत. पिट्सबर्गच्या एका बालरुग्णालयात बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधील मृत्युप्रमाण प्रणाली बसवल्यानंतर २.८० वरून ६.५७ टक्क्यांवर गेले. प्रणाली सहा दिवसांत सर्वत्र लागू केली गेली होती आणि मूल दारात पोहोचून त्याची नोंदणी होईपर्यंत औषधाचा आदेशच देता येत नव्हता. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच तयारी होत असे. पुढच्या वर्षी सिॲटलच्या बालरुग्णालयाने त्याच कंपनीच्या प्रणालीबाबत मृत्युप्रमाण वाढले नसल्याचे दाखवले. यावरून काहींनी पिट्सबर्गचा निष्कर्ष योगायोगाचा मानला. परंतु सिॲटलने पिट्सबर्गच्या अनुभवातून धडा घेऊन आधी तयारी केली होती, हे लक्षात घेता दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी ठरत नाहीत. धोका सॉफ्टवेअरइतकाच ते कामात कसे बसवले यातही असतो, असे मानणारा पक्ष आता बळकट आहे. अमेरिकी शासनाने २०१४ मध्ये ‘सेफर’ नावाच्या नऊ स्वपरीक्षण-मार्गदर्शिका काढल्या, त्या याच भूमिकेवर आधारलेल्या आहेत.

सूचनांचा अतिरेक हा सर्वाधिक चर्चिलेला दोष होय. औषध-सुरक्षेच्या सूचना डॉक्टर ४९ ते ९६ टक्के वेळा डावलतात, असे २००६ च्या एका आढाव्यात नमूद आहे. दिवसभरात चाळीस निरुपयोगी चौकटी बंद केलेले बोट एक्केचाळिसावीही तशीच बंद करते. म्हणून क्षुल्लक सूचना बंद ठेवून मोजक्याच, काम अडवणाऱ्या सूचना चालू ठेवाव्यात असे सुचवले जाते. सूचना मुळात मिळावी यासाठी माहिती योग्य रकान्यात असावी लागते. ‘पेनिसिलीनने अंगावर पित्त उठते’ हे वाक्य टिपणात लिहिले आणि ॲलर्जीचा रकाना रिकामा राहिला, तर पेनिसिलीनच्याच गटातले ॲमॉक्सिसिलीन लिहिताना यंत्र गप्प बसते.

आपोआप भरल्या जाणाऱ्या रकान्यांच्या धोक्याबाबत मेथोट्रेक्सेट या औषधाचे उदाहरण पाठ्यपुस्तकी झाले आहे. सांधेदुखीच्या आमवातात हे औषध आठवड्यातून एकदा देतात. पण औषध निवडताच वारंवारितेच्या रकान्यात ‘रोज’ आपोआप येत असेल आणि ते बदलायचे राहिले, तर छापील चिठ्ठी निर्दोष दिसते आणि रुग्णाच्या अस्थिमज्जेला जीवघेणी इजा होऊ शकते. हस्ताक्षर न कळल्याने औषधविक्रेता फोन तरी करीत असे. छापील अक्षरावर तो शंका घेत नाही. उपाय साधा आहे : या औषधापुढे ‘आठवड्यातून एकदा, अमुक वारी’ हेच आपोआप येईल अशी रचना करून घेणे. ज्यावरून मात्रा ठरते ते मुलांचे वजन केवळ किलोग्रॅममध्ये घेणे, तेही त्या दिवशी मोजलेले, ही याच जातीची खबरदारी.

मागील भेटीचे टिपण उचलून आज चिकटवण्याची सोय वेळ वाचवते आणि खोटी नोंदही तयार करते. गुडघ्याखाली पाय कापलेल्या रुग्णाच्या नावे ‘दोन्ही पावलांची नाडी लागते’ असे पुढेही छापून येत राहू शकते.

वेळेचा खर्चही मोठा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५७ अमेरिकी डॉक्टरांच्या पाहणीत दवाखान्यातील वेळापैकी सुमारे २७ टक्के वेळ प्रत्यक्ष रुग्णासाठी आणि ४९ टक्के संगणक व टेबलावरील कामासाठी जात असल्याचे दिसले. पडदा रुग्णालाही दिसेल असा वळवून ठेवावा, असा सल्ला सर्वत्र आढळतो. त्यामुळे चुकीचे वय किंवा बंद झालेली गोळी रुग्ण स्वतःच दाखवून देतो.

ओळख : चुकीच्या रुग्णाच्या नोंदीत लिहिणे ही लहान दवाखान्यातही संभवणारी चूक होय. मराठी नावांत मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते आणि विवाहानंतर स्त्रीचे नाव-आडनाव बदलते. शिवाय गायकवाड, चौधरी यांसारखी आडनावे रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. एकाच दिवशी दोन सुनीता पाटील आल्या तर नाव पुरत नाही. नाव व जन्मतारीख किंवा नाव व मोबाइल असे किमान दोन दुवे तपासण्याचा संकेत आहे. मोबाइल बहुधा घरातल्या एकाचाच असतो, तेव्हा जन्मतारीख बरी.

भारतातील स्थिती : केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने या नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली व २०१६ मध्ये सुधारली. ‘स्नोमेड सीटी’ या वैद्यकीय संज्ञासंग्रहाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सदस्यत्व भारताने २०१४ मध्ये घेतले. या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यात सी-डॅक या शासकीय संगणक-संशोधन संस्थेत आहे. डिजिटल आरोग्य अभियान १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रायोगिक रीतीने व २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झाले. त्यातील ‘आभा’ हा व्यक्तीचा १४ अंकी आरोग्य-ओळख क्रमांक ऐच्छिक आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या अहवालांपर्यंतचे काम अनेक दिवस कागदावर करावे लागले. एका डॉक्टरच्या दवाखान्यात हेच संकट वीज किंवा इंटरनेट गेल्याने येते. कोऱ्या केस पेपरांचा गठ्ठा हाताशी ठेवणे, रोजची प्रत दवाखान्याबाहेर जपणे आणि ती प्रत खरोखर उघडते का हे अधूनमधून पाहणे, एवढी तरतूद किमान समजली जाते. तिसरी गोष्ट बहुधा राहून जाते.

पासवर्डबाबत ढिलाई सर्वत्र आहे. डॉक्टरांच्याच नावाने कंपाउंडरही लिहितो. परिणामी कोणी केव्हा काय बदलले याचा माग ठेवणारी यंत्रणा असूनही तो माग डॉक्टरपाशीच थांबतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या (दाखल केलेल्या रुग्णांच्या) नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा असेही त्यांत म्हटले आहे. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वैद्यकीय नोंदींना ‘संवेदनशील’ वैयक्तिक माहितीत गणले होते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्ग ठेवलेला नाही.