पब ऑफ द इयर पुरस्कार (ब्रिटन)

पिंपातच मुरणारी बीअर म्हणजे रिअल एल आणि अस्सल सायडर (सफरचंदाचा रस आंबवून केलेले मद्य) उत्तम अवस्थेत देणाऱ्या ब्रिटनमधील पबांना ‘कँपेन फॉर रिअल एल’ ऊर्फ कॅम्रा या ग्राहकसंघटनेच्या स्थानिक शाखांकडून दरवर्षी दिला जाणारा सन्मान. शाखेने निवडलेला पब पुढे काउंटी, विभाग व राष्ट्रीय अशा पायऱ्या चढत जातो. तथापि बहुतेक पबांच्या दृष्टीने शाखेचा पुरस्कारच महत्त्वाचा असतो. मिळते ते भिंतीवर लावायचे प्रमाणपत्र. पब या शब्दाने येथे गाव वा मोहल्ला जेथे संध्याकाळी एकत्र बसतो ते ठिकाण अभिप्रेत आहे. पुण्या-मुंबईत पब म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा कानठळ्या बसवणारा प्रकार नव्हे.

पुरस्कार बीअर बनवणाऱ्या ब्रूअरीला न देता ती विकणाऱ्या पबला का, हे कळण्यासाठी या पेयाची प्रकृती पाहावी लागते. रिअल एल ब्रूअरीतून निघते तेव्हा तयार झालेली नसते. तिच्यातील यीस्ट गाळून काढलेले नसते, की पाश्चरीकरणाने मारलेलेही नसते. पबच्या तळघरात पिंप आडवे मांडून स्थिर ठेवतात व उरल्यासुरल्या साखरेवर यीस्टचे काम चालू राहते. यालाच दुसरे किण्वन (आंबणे) म्हणतात. पिंपाच्या वरच्या बाजूच्या बुचात आधी सच्छिद्र खुंटी ठोकतात, तिच्यातून जादा कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो. फेस ओसरला की तिच्या जागी घट्ट लाकडाची खुंटी येते, म्हणजे उरलेला वायू बीअरमध्येच राहतो. ही अदलाबदल केव्हा करायची याचा अंदाज तळघर सांभाळणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असतो. गाळ लवकर तळाशी बसावा म्हणून पिंपात आयसिंग्लास घालण्याची जुनी रीत आहे. तो माशांच्या वाताशयापासून काढतात, त्यामुळे काही ब्रूअऱ्यांनी अलीकडे तो सोडला आहे व किंचित गढूळ बीअर हा दोष मानू नये असा त्यांचा आग्रह आहे.

तळघराचे तापमान साधारण ११ ते १३° से. ठेवतात. ‘इंग्रज कोमट बीअर पितात’ हा समज येथून निघाला. ती कोमट नसते, फक्त बर्फगार नसते. सर्वांत प्रचलित पिंप फर्किन हे होय. त्यात ९ गॅलन (सु. ४१ लि.) म्हणजे ७२ पाइंट बीअर मावते. पबमधील हातपंपाचा दांडा ओढून बीअर वर खेचली की तेवढीच हवा पिंपात शिरते, म्हणून उघडलेले पिंप तीन दिवसांच्या आत संपावे असा दंडक आहे. त्यानंतर चव उतरते आणि पुढे आंबटपणा येतो. सारांश, एकाच ब्रूअरीची एकाच दिवशी भरलेली दोन पिंपे शेजारच्या दोन पबांत अगदी वेगळी लागू शकतात. पबमालक हा या अर्थाने अर्धा ब्रूअर असतो, आणि पुरस्कार त्या अर्ध्या कामाचा आहे.

संज्ञेचा प्रश्न : ‘रिअल एल’ ही संज्ञा वाटते तेवढी जुनी नाही. १९६० च्या दशकात मोठ्या ब्रूअऱ्यांनी गाळलेली, पाश्चरीकृत व बाहेरून वायू भरलेली केग बीअर सर्वत्र आणली. तिला पहिला संघटित विरोध १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी फॉर द प्रिझर्व्हेशन ऑफ बीअर्स फ्रॉम द वुड’ या मंडळाने केला. नावाप्रमाणे त्यांचा भर लाकडी पिंपावर होता. कॅम्राने मात्र पिंप लाकडाचे की धातूचे हा वाद गौण मानला आणि पिंपाच्या आत काय चालते यावर व्याख्या उभी केली : पारंपरिक घटकांपासून बनवलेली, ज्या पिंपातून वाढली जाते त्यातच दुसऱ्या किण्वनाने मुरलेली आणि बाहेरून कार्बन डाय-ऑक्साइड न घालता दिलेली बीअर. रसायनाच्या दृष्टीने हीच भूमिका अधिक टिकाऊ ठरली. जुन्या मंडळानेही पुढे धातूची पिंपे मान्य केली.

पिंपात मुरणारी बीअर ही गोष्ट अर्थातच नवी नव्हती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लंडन व बर्टन येथून मुंबई-कलकत्त्याकडे येणारी पेल एल जहाजाच्या पोटात, पिंपातच मुरत येत असे. लंडनमधील हॉजसन नावाच्या ब्रूअरने या प्रवासासाठी इंडिया पेल एलचा ‘शोध’ लावला ही कथा लोकप्रिय आहे; परंतु फिकट रंगाची, भरपूर हॉप (बीअरला कडवटपणा देणारी फुले) घातलेली एल त्याआधीही प्रचारात असल्याने बीअरच्या इतिहासाचे अलीकडील अभ्यासक ती ग्राह्य धरत नाहीत. आपल्याकडे झाडावरून उतरवलेली ताडी मडक्यात आंबत राहते आणि सकाळची संध्याकाळी तीच राहत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना रिअल एलचे मर्म वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

उगम : कॅम्राची स्थापना १६ मार्च १९७१ रोजी आयर्लंडमधील केरी काउंटीतील डनक्विन येथे, क्रूगर्स बारमध्ये झाली असे सांगितले जाते. मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन व बिल मेलर हे चौघे संस्थापक सुटीवर गेलेले तरुण होते. संघटनेचे मूळ नाव ‘कँपेन फॉर द रिव्हायटलायझेशन ऑफ एल’. दोन-चार पाइंटांनंतर ते सभासदांच्या जिभेवर नीट येत नसे, म्हणून १९७३ मध्ये आजचे सुटसुटीत नाव घेतले गेले, अशी आख्यायिका आहे. डनक्विनची तारीख वर्धापनदिनासाठी सोयीची असली, तरी चळवळीला संघटनेचे रूप आले ते १९७२ मध्ये नन्ईटन येथील रोझ इन या पबमध्ये भरलेल्या पहिल्या वार्षिक सभेपासून, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पुरस्काराचे बीज ‘गुड बीअर गाइड’ या मार्गदर्शिकेत असावे. १९७२ मध्ये ती काही पानांचे टाचलेले टिपण होती. छापील पहिली आवृत्ती १९७४ ची. वॉटनी या मोठ्या ब्रूअरीविषयी ‘प्लेगसारखी टाळा’ असे त्यात छापले गेले होते व ते ऐनवेळी सौम्य करावे लागले. या मार्गदर्शिकेसाठी पब निवडण्याचे काम स्थानिक शाखांकडे आले आणि आपल्या भागातला सर्वांत चांगला पब कोणता, हा प्रश्न त्यातून ओघानेच पुढे आला. आज मार्गदर्शिकेत सु. ४,५०० पब असतात. राष्ट्रीय पुरस्कार १९८८ पासून दिला जातो व त्या वर्षीचा मानकरी म्हणून ॲबर्डीनशरमधील किन्मक येथील बोअर्स हेड या पबची नोंद आहे. कालगणनेत एक अडचण संभवते : राष्ट्रीय निकाल बहुधा पुढच्या वर्षाच्या आरंभी जाहीर होत असल्याने एकाच विजयाला दोन साधनांत दोन वर्षे दिलेली आढळतात. येथे स्पर्धेचे वर्ष ग्राह्य धरले आहे.

निवड : सभासद वर्षभर ज्या पबांत जातात तेथील बीअरला ० ते ५ गुण देतात. ० म्हणजे पिण्यास अयोग्य, ३ म्हणजे चांगली. ५ क्वचितच दिले जातात. गुणांवरून वा नामनिर्देशनांवरून यादी ठरते व पुढील परीक्षण पबमध्ये प्रत्यक्ष जाऊन, शक्यतो ओळख न देता होते. बीअरचा दर्जा ही पहिली कसोटी. त्याखेरीज वातावरण, स्वागत व सेवा, स्थानिक समाजाशी नाते आणि संघटनेच्या उद्दिष्टांशी जवळीक यांचाही विचार होतो. विभागीय विजेत्यांतून चार अंतिम फेरीत येतात व त्यांतून एक निवडला जातो.

मानकऱ्यांची यादी चाळली तर काळाची पावले दिसतात. १९८९ च्या शासकीय आदेशांनी मोठ्या ब्रूअऱ्यांची पबांवरील पकड सैल केली, पाहुण्या, म्हणजे दुसऱ्या ब्रूअरीच्या बीअरला वाट मिळाली व अनेक ब्रूअऱ्यांच्या बीअर ठेवणारे स्वतंत्र पब पुढे आले. नॉरिचच्या फॅट कॅटने १९९८ व २००४ मध्ये मान मिळवला, तर शेफील्डचे केल्हम आयलंड टॅव्हर्न २००८ व २००९ असे सलग दोनदा जिंकणारे पहिले ठरले. लंडनला पहिला विजय २०१० मध्ये कॉव्हेंट गार्डनजवळच्या हार्पने मिळवून दिला, वेल्सला २०११ मध्ये रुआबनच्या ब्रिज एंड इनने. यॉर्कशरमधील हड्सवेल गावचा जॉर्ज अँड ड्रॅगन (२०१६) बंद पडला होता. गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो विकत घेतला, आणि आता तेथे छोटे ग्रंथालय व दुकानही आहे. याच्या अगदी उलट बर्कशरमधील ऑल्डवर्थचे बेल इन. ते अडीचशेहून अधिक वर्षे एकाच कुटुंबाकडे असून १९९० व २०१९ असे दोनदा निवडले गेले. करोनाच्या साथीमुळे नंतरची दोन वर्षे स्पर्धा झाली नाही. २०२२ व २०२३ या दोन्ही वर्षी टॅमवर्थ टॅप हा छोटा पब अव्वल ठरला. लहान जागेत, मोजक्या पिंपांवर चालणाऱ्या मायक्रोपबांची लाट २००५ मध्ये केंटमधील हर्न येथे मार्टिन हिलियर यांनी उघडलेल्या बुचर्स आर्म्सपासून धरली जाते.

मतभेद : दांडे, म्हणजे एका वेळी मिळणाऱ्या बीअर, जितके जास्त तितका पब चांगला, असा कल शाखांत काही काळ होता. तीन दिवसांचा दंडक पाहता हा कल तर्काला धरून नाही, आणि कमी पण ताजी पिंपे ठेवणाऱ्या पबांकडे अलीकडे लक्ष जाते आहे हे योग्यच म्हणावे लागेल. पिंपात हवेऐवजी तितक्याच दाबाचा कार्बन डाय-ऑक्साइड सोडणारे कास्क ब्रीदर हे उपकरण संघटनेला दीर्घकाळ अमान्य होते. २०१८ च्या कॉव्हेंट्री येथील सभेने त्याबाबत तटस्थता स्वीकारली. त्याच सभेत संघटनेने दर्जेदार बीअरच्या सर्वच प्रकारांना जवळ करावे असा ठराव होता. त्याला ७२ टक्क्यांहून अधिक मते पडूनही आवश्यक ७५ टक्के न मिळाल्याने तो फेटाळला गेला.

सायडर : सायडरसाठीचा वेगळा राष्ट्रीय पुरस्कार बीअरनंतर बऱ्याच काळाने, एकविसाव्या शतकात आला. येथे वर सांगितलेले तर्कशास्त्र तसेच्या तसे लागू पडत नाही, कारण सायडर पबमध्ये येते तेव्हा त्याचे किण्वन बहुधा पुरे झालेले असते. त्यामुळे कस तळघराकडून फळाकडे सरकतो. ब्रिटिश कायद्याने सायडरमध्ये किमान ३५ टक्के रस असला की पुरते. कॅम्राच्या व्याख्येप्रमाणे मात्र ते ताज्या सफरचंदांच्या पूर्ण रसापासून, आटवलेला रस न वापरता आंबवलेले हवे. पेअरपासून बनणारी पेरी हीदेखील याच वर्गात धरतात. हेरफर्डशर, वुस्टरशर व ग्लॉस्टरशर या तीन काउंट्या तिचे घर होत.