जॅकवरची गाडी आणि तीन सेंटिमीटर

गेल्या शनिवारी ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक मोटरसायकल जॅकवरून आडवी झाली. शेजारचा मुलगा मागचं चाक काढायला बसला होता. कारच्या डिकीतला जॅक इंजिनखाली लावला, मागचं चाक वर उचललं. अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, नट काही हलेना, म्हणून पान्यावर पाय देऊन उभा राहिला. दीडशे किलोची गाडी त्याच्याच अंगावर आली. पाय थोडक्यात वाचला, ब्रेकचा लिव्हर वाकला. जमलेल्या सगळ्यांचं मत पडलं की जॅक हलका होता. त्याच्या आजी म्हणाल्या, शनिवारी लोखंडाला हात लावूच नये.

जॅक मी स्वतः तपासला. कारची एक बाजू उचलणारा जॅक, त्याला मोटरसायकलचं ओझं ते काय! तो शाबूत होता. गाडी पडली ती तोलामुळे, आणि हा तोल शाळेतल्या तरफेच्या धड्यातलाच आहे. वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर, दोन्ही बाजूंना सारखं झालं की तोल साधतो. आर्किमिडीजने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात याची रीतसर सिद्धता दिली. बागेतल्या सी-सॉवर प्रत्येक मूल तो नियम वापरतं.

गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं, तो गुरुत्वमध्य. तो घरी मोजता येतो आणि मला यात फार आनंद मिळतो. बाथरूममधला वजनकाटा पुढच्या चाकाखाली ठेवायचा, मागच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी, आणि कुणीतरी गाडी बोटांनी नुसती सरळ धरायची. माझ्या गाडीचा आकडा आला ७२ किलो. अदलाबदल करून मागचं चाक काट्यावर घेतलं, ७८. म्हणजे एकूण १५०. दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर १३० सेंटिमीटर. ७२ भागिले १५०, गुणिले १३०, म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ६२.४ सेंटिमीटर पुढे. तिथे टाकीखाली मी खडूने रेघच मारून ठेवली आहे.

आता मागचं चाक काढा. टायर, ब्रेकचा ड्रम, स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चक्र) धरून ते माझ्या गाडीत १४ किलो भरलं. उरले १३६. गुरुत्वमध्य सरकून ६८.८ वर जातो, साडेसहा सेंटिमीटर पुढे. कुठल्या बाजूला सरकला पाहा: काढलेल्या चाकापासून दूर, जमिनीवर टेकलेल्या चाकाकडे. जॅक ६१ वर असेल, तर आधी त्याच्या पुढे जेमतेम दीड सेंटिमीटर फरक होता, तो आता जवळजवळ आठ झाला. पुढचं चाक जमिनीवर जास्त घट्ट बसलं. म्हणजे चाक निघाल्याने गाडी मागे-पुढे आणखी पक्की होते. लोक मात्र नेमके त्याच क्षणाला घाबरतात.

आडव्या बाजूचं काय? तिथेच त्या मुलाची गाडी गेली. मोटरसायकलला रुंदी नसते. इंजिनचा तळ सपाट दिसतो, पण त्यावर पन्हाळी असतात, कडेने सायलेन्सरचा पाइप जातो. कारच्या जॅकचं डोकं अरुंद, त्यामुळे खरा टेकू सहा सेंटिमीटरचाच. गुरुत्वमध्य त्याच्या मधोमध धरला, तर कडेपासून तीन सेंटिमीटर आत. गाडी उभी ठेवणारा जोर: १५० गुणिले ३, म्हणजे ४५०. दुसऱ्या बाजूला पाना. नट गाडीच्या मध्यरेषेपासून १५ सेंटिमीटर बाहेर, म्हणजे टेकूच्या कडेपासून १२. हाताने ३० किलोचा दाब दिला तर ३० गुणिले १२, ३६०. आडव्या बाजूला गाडी कशीबशी तग धरते. पाय देऊन ६० किलो टाकले की ७२०. ४५० विरुद्ध ७२०, निकाल लागला. आणि दाब ज्या बाजूने दिला त्याच बाजूला, दाबणाऱ्याच्या अंगावर.

टेकू रुंद केला तर? इंजिन आणि जॅक यांच्यामध्ये २० सेंटिमीटर रुंद, जाड लाकडी फळी घाला, आणि ती दोन्ही कडांना खरोखर टेकली पाहिजे. आता कड १० सेंटिमीटरवर. गाडीचा जोर १५०० झाला, आणि पायाचं अंतर १२ वरून ५ वर आल्याने त्याचा जोर ७२० वरून ३०० वर उतरला. रुंदी दोन्हीकडून कामाला येते! मात्र जॅकचा पायाही तेवढाच रुंद हवा, नाहीतर गाडी फळीऐवजी जॅकसकट कलंडते. ठाण्यात टेंभी नाक्यावर दहीहंडीचे थर लावणारी पोरं हे आकड्यांशिवाय जाणतात. सगळ्यात खालचा घेर ते जीव तोडून रुंद ठेवतात.

आजींच्या शनिवारात या गणितातला एकही आकडा बदलत नाही. तोच नट, तोच पाय आणि तोच अरुंद टेकू रविवारीही तेच करतील. हँडलला लिंबू-मिरची बांधूनही ती तीन सेंटिमीटर वाढत नाहीत. ही समजूत मला नुसती चुकीची वाटत नाही, धोक्याची वाटते. कारण वाराला दोष दिला की पान्याकडे कुणी बघत नाही.

म्हणून नट आधी सैल करायचा, दोन्ही चाकं जमिनीवर असताना, कुणाला तरी पाय टेकवून गाडीवर बसवून. मग जॅक. तेलाच्या जॅकमध्ये सारा भार सीलने अडवलेल्या तेलावर असतो. सील झिजलं की तो हळूहळू बसतो, म्हणून शेजारी लाकडी ठोकळा हवाच. मेन स्टँड असेल तर उत्तम, त्याचे पाय रुंद असतात. पण गाडी पुढे सरकली की तो स्टँड मिटतो. जुन्या ट्यूबची पट्टी कापून पुढच्या ब्रेकचा लिव्हर मुठीला घट्ट बांधायचा, म्हणजे पुढचं चाक फिरत नाही. आमच्या पार्किंगची फरशी पाणी जायला उतरती आहे, तिथे हे फारच गरजेचं.

चाक परत बसवताना सगळं उलटं होतं, आणि तिथे लोक बेसावध असतात. १४ किलो पुन्हा मागे येतात, ६८.८ चं ६२.४ होतं, जॅकपुढचा फरक परत दीड सेंटिमीटरवर. मागच्या सीटवर हात टेकून उठलात तरी मागचा भाग खाली बसून गाडी जॅकवरून निसटू शकते. म्हणून नट हाताने बसेल तेवढाच फिरवायचा, जॅक उतरवायचा, आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर.