सत्तरीनंतरचा कॅन्सर: हसत राहायची सक्ती कशाला?

कॅन्सरचं निदान झालं की भेटायला येणारे बहुतेक जण एक वाक्य हमखास बोलून जातात: "पॉझिटिव्ह राहा, अर्धा आजार तिथेच बरा होतो." बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण पंचाहत्तरीच्या माणसाला हे वाक्य जड जातं. रात्री भीती वाटली, रडू आलं, अन्नावरची वासना गेली, की त्याला वाटायला लागतं की आपणच कमी पडतोय. उद्या गाठ वाढली तर तीही आपण खचलो म्हणूनच. हे ओझं त्याच्या डोक्यावरून आधी उतरायला हवं.

मनाच्या उभारीने आयुष्य वाढतं का, हे संशोधकांनी नीट तपासलं आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं करणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट काळ जगल्या, असं त्यात दिसलं आणि जगभर आशा पसरली. तोच प्रयोग कॅनडात २३५ स्त्रियांवर करून पाहिला. २००१ साली निकाल आला: आयुष्य वाढलं नाही. मनाचा त्रास मात्र कमी झाला आणि वेदनाही कमी जाणवल्या. पुढे २००७ मध्ये जेम्स कॉयन आणि सहकाऱ्यांनी डोकं व मानेच्या कॅन्सरच्या १०९३ रुग्णांची माहिती तपासली. उपचारांच्या सुरुवातीला कोण आनंदी होतं आणि कोण खिन्न, यावरून कोण किती जगेल याचा काहीही अंदाज बांधता आला नाही.

मला ही बातमी दिलासा देणारी वाटते. तुमच्या रडण्याने गाठ वाढत नाही. मग मनाच्या बळाचा उपयोग कुठे होतो? ज्यांनी दिवस खरोखर बदलतात अशा गोष्टी करण्यात. उतारवयात अशा गोष्टी बऱ्याच आहेत.

पहिली म्हणजे, जन्मतारखेऐवजी शरीराची ताकद मोजून घेणं. "या वयात केमो झेपणार नाही" असं घरातले परस्पर ठरवून टाकतात, किंवा याउलट तरुणाला द्यायचा तोच पूर्ण डोस वृद्धाला दिला जातो. दोन्हींत नुकसान आहे. ऐंशीची एखादी बाई रोज बाजारहाट करते, तर अडुसष्टचा एखादा माणूस जिन्याच्या चार पायऱ्या चढून धापा टाकतो. वयाबरोबर मूत्रपिंडांची क्षमता घटते. मूत्रपिंडांचं काम रक्तातल्या क्रिएटिनिनवरून जोखतात, पण ते स्नायूंतून तयार होतं. स्नायूही कमी झालेले असल्याने ते वरवर नॉर्मल दिसू शकतं. जी औषधं मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात, ती मग शरीरात जास्त वेळ राहतात. हाडांच्या आत जिथे रक्तपेशी तयार होतात त्या अस्थिमज्जेची राखीव शक्तीही कमी झालेली असते, त्यामुळे केमोनंतर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी भरून यायला वेळ लागतो.

ही ताकद जोखायची एक साधी चाचणी आहे. हातांच्या खुर्चीत बसायचं. "चला" म्हटल्यावर उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नर्स घड्याळ लावून उभी असते. याला १२-१४ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजतात. उठताना हातांवर किती भार दिला, वळताना तोल गेला का, हेही ती पाहते. त्यानंतर स्मरणशक्ती पाहण्यासाठी तीन शब्द लक्षात ठेवायचे, कागदावर घड्याळ काढून काटे दाखवायचे. गेल्या सहा महिन्यांत पडलात का, वजन उतरलं का, घरी सोबत कोण असतं, बीपी-शुगर धरून रोज किती गोळ्या घेता, हे विचारलं जातं. यात ना स्कॅन आहे ना सुई.

अमेरिकेत सत्तरीपुढच्या, बरा न होणारा कॅन्सर असलेल्या ७१८ रुग्णांवर याचा प्रयोग झाला. २०२१ मध्ये आलेल्या निकालात, ज्यांच्या डॉक्टरांच्या हाती अशा तपासणीचा अहवाल आणि त्यावरच्या सूचना होत्या, त्यांच्यात औषधांचे गंभीर दुष्परिणाम ५१ टक्के रुग्णांना झाले. बाकीच्यांमध्ये ७१ टक्के. पडण्याचं प्रमाणही २१ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. पहिल्या फेरीत डोस हलका ठेवलेले रुग्ण अहवाल मिळालेल्या गटात जास्त होते, तरी आयुर्मानात लक्षणीय फरक पडला नाही. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये वृद्ध रुग्णांसाठी असा स्वतंत्र दवाखाना २०१८ पासून चालतो. तुमच्या गावच्या रुग्णालयात तो नसेल, तरी ही चाचणी करा असं डॉक्टरांना म्हणायला काहीच हरकत नाही.

कधी कधी कमी उपचार हाच योग्य उपचार असतो. प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, तिथेच मर्यादित असलेल्या कॅन्सरबाबत ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांना पंधरा वर्षं पाहिलं. कुणाची शस्त्रक्रिया झाली, कुणाला रेडिएशन मिळालं, कुणावर फक्त नियमित लक्ष ठेवलं. तिन्ही गटांत मिळून या कॅन्सरने गेलेले तीन टक्क्यांहून कमी. लहान, हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या आणि काखेत न पसरलेल्या स्तनाच्या गाठींबाबतही, पासष्टीपुढच्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या घेतल्या, तर रेडिएशन न घेणाऱ्या दहा वर्षांनी घेणाऱ्यांइतक्याच हयात होत्या. फक्त त्याच स्तनात गाठ परत येण्याचं प्रमाण जास्त होतं, एक टक्क्याच्या जागी साडेनऊ टक्के. "काही न करता थांबायचं?" हा प्रश्न नातेवाइकांना सलतो. पण वेळच्या वेळी तपासण्या करत थांबणं म्हणजे हयगय नव्हे. अर्थात, कोणता कॅन्सर आणि कोणत्या टप्प्यावर, हे डॉक्टरच सांगतील.

चालण्याबद्दल तर आता ठोस पुरावा हाती आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो संपलेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं देखरेखीखाली व्यायामाला लावलं. बहुतेकांसाठी याचा अर्थ आठवड्यातून तीन-चारदा पाऊण ते एक तास झपझप चालणं. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातले ९० टक्के हयात होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी ८३ टक्के. यातले बरेच जण साठीच्या आसपासचे होते, त्यामुळे ऐंशीच्या माणसाने हेच आकडे स्वतःला लावू नयेत. पण "तुम्ही नुसते पडून राहा" हा घरचा आग्रह सोडून द्यायला एवढं पुरे. अंथरुणावर पडून राहिलं की म्हातारपणी स्नायू फार भराभर झिजतात.

आता मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायची गोष्ट. आपली जुनी माणसं सोसण्यात तरबेज असतात. "कसं वाटतंय?" विचारलं की "बरंय" म्हणतात. पॉझिटिव्ह राहायचं म्हणून तर आणखीच गप्प बसतात. काही केमो औषधांनी बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मग शर्टाचं बटण लागेनासं होतं, ब्लाउजचा हुक सापडत नाही. आजोबा मुकाट्याने बटणं न काढता शर्ट डोक्यावरून घालू लागतात. ही खबर डॉक्टरांना वेळेवर मिळाली तर डोस बदलता येतो. उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात ७६६ रुग्णांपैकी काहींना आपला त्रास संगणकावर नियमित नोंदवायला सांगितलं. त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. असे निम्मे रुग्ण ३१ महिन्यांहून जास्त जगले, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांपैकी निम्मे २६ महिन्यांहून जास्त. नवं औषध काहीच नव्हतं, त्रास लपवला गेला नाही इतकंच.

त्यासाठी संगणकच हवा असं नाही. एक वही चालेल. वेदना दहापैकी किती, जेवण किती गेलं, शौचाला झाली का, झोप लागली का. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जायचं. वृद्धांना कधी कधी ताप न येताही जंतुसंसर्ग होतो, म्हणून अचानक गोंधळल्यासारखं बोलू लागले तरी निघायचं. वेदनांवर मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट आला, हाही गैरसमज. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेऊन माणसं हिंडतात-फिरतात.

हे सगळं जमायचं तर रुग्णाला आजार माहीत हवा. "आबांना सांगू नका, हाय खातील," असं म्हणून मुलं फाइल लपवतात. आबा मात्र रुग्णालयाच्या पाटीवरूनच ओळखतात, आणि मुलांना वाईट वाटू नये म्हणून तेही न कळल्याचं दाखवतात. एकाच घरात दोन्ही बाजू एकट्या पडतात. त्यांना विचारावं, "किती सांगू? कोणासमोर सांगू?" काहींना सगळे आकडे हवे असतात, काही म्हणतात, थोरल्याशी बोला. दोन्ही त्यांचा हक्कच आहे. आणि हेही विचारावं की त्यांना काय हवंय. कुणाला आणखी दोन वर्षं हवी असतात, कुणाला जितके दिवस आहेत तितके घरच्या अंथरुणात. कुणाला नातीच्या लग्नात स्वतःच्या पायांनी उभं राहायचं असतं. ती तारीख डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी. केमोची फेरी आठवडाभर पुढेमागे करता येते का, हे मग वेळापत्रक आखतानाच बघता येतं.