अमेरिकन स्वप्न आणि वाटणीचं गणित

‘अमेरिकेत कष्ट करणारा वर येतोच’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. ते खरं आहे का, हे मोजता येतं. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये ते मोजून दाखवलं. प्रश्न सरळ होता: महागाई वजा केली, तर तिशीतलं मूल आईवडिलांच्या त्या वयातल्या कमाईच्या पुढे जातं का? 1940 साली जन्मलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के गेले. 1980च्या दशकात जन्मलेल्यांपैकी जेमतेम 50 टक्के.

‘अर्थव्यवस्थेची वाढ मंदावली, दुसरं काय!’ असं कुणीही म्हणेल. संशोधकांनी मात्र इथे दोन काल्पनिक अमेरिका उभ्या केल्या, आणि हा भाग मला फार आवडतो. पहिलीत वाढ जुन्या काळासारखी जोमदार, पण उत्पन्नाची वाटणी आजची. तिथे 50चे 62 टक्के होतात. दुसरीत वाढ आजचीच मंद, पण वाटणी 1940च्या पिढीसारखी. तिथे थेट 80!

असं का होतं? कारण या मोजणीत डोकी मोजतात, डॉलर नाही. समजा, दहा तरुण आहेत. त्यातले सहा आईवडिलांच्या कमाईपेक्षा दोन-दोन हजार डॉलरने मागे आहेत. एकूण उत्पन्न 18,000 डॉलरने वाढलं. ते सगळं आधीच पुढे असलेल्या एकाच्या खिशात गेलं, तर सरासरी 1,800ने वाढते आणि मागचे सहा मागेच राहतात. तेच त्या सहांमध्ये सारखं वाटलं गेलं, तरी सरासरी 1,800नेच वाढते, पण सहाही जण रेषा ओलांडतात. सरासरी तीच, निकाल वेगळा. उत्पन्नातला क्रम बदलण्याची शक्यता, म्हणजे तळच्या पाचव्या हिश्श्यातून वरच्या पाचव्या हिश्श्यात पोचण्याची, 1971 नंतर जन्मलेल्या पिढ्यांत फारशी बदललेली नाही. तरीही आईवडिलांना मागे टाकणारे घटले, ते मुख्यतः वाटणी बदलल्यामुळे.

तळातून वर पोचण्याची शक्यता गावागणिकही बदलते: नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये 4.4 टक्के, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत 12.9. सॅन होजेच्या आसपास मराठी इंजिनियर पुष्कळ आहेत, पण त्यांचं यश हा या स्वप्नाचा पुरावा नव्हे. ते पदवी आणि व्हिसाच्या चाळणीतून आधीच निवडले गेलेले असतात. आणि ‘मनापासून मागा, विश्व देईल’ असं शिकवणारी महागडी शिबिरं तर लोकांची फसवणूक करतात. मागे पडलेल्याला ती त्याचाच दोष सांगतात.

परिस्थिती बदलली की काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. 1990च्या दशकात पाच अमेरिकी शहरांतल्या गरीब कुटुंबांना सोडत काढून बऱ्या वस्तीत राहण्यासाठी घरभाड्याची मदत दिली गेली. तेराव्या वर्षाआधी तिथे गेलेली मुलं पंचविशीच्या आसपास सुमारे 31 टक्के जास्त कमावत होती. त्याहून मोठ्या वयात गेलेल्यांना हा फायदा झाला नाही.